लंगड्या प्रुइटचा धाक

डॅशॉन प्रुइट चांगला खेळाडू आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या टोलेडो शहरात हे वाक्य आधी म्हटलं नाही तर पुढचं कुणी ऐकत नाही. म्हटलं, तर पुढचं ऐकायची गरज कुणाला वाटत नाही.

प्रुइट आमच्या फुटबॉल संघाचा रिसीव्हर. हा अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन खेळायचा. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू दूर पळत जाऊन झेलायचा, हे त्याचं काम. संघाच्या इमारतीत त्याचे अकरा फोटो आहेत, मी मोजलेत. जे पाच धिप्पाड लोक क्वार्टरबॅकसमोर भिंतीसारखे उभे राहून मार खातात, त्यांचा सगळ्यांचा मिळून एक फोटो आहे. तो झेरॉक्स मशीनच्या खोलीत लावलाय आणि त्यातले दोघं आता संघात नाहीत.

मोजणं हीच माझी नोकरी. भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर माझ्या वर्गातले लोक प्रयोगशाळांत गेले, मी इथं आले. प्रत्येक खेळाडूच्या खांद्यावरच्या गादीत एक चिप असते आणि तो मैदानात कुठं आहे हे ती सेकंदाला दहा वेळा कळवते. सामन्यात कळवते, सरावातही कळवते. दोन वर्षं मी हे आकडे वाचतेय. त्यांतून निघालेली एक साधी गोष्ट अशी: प्रुइटला त्याची ती प्रसिद्ध लांब धाव पुरी करायला दोन पूर्णांक आठ दशांश सेकंद लागतात. आमची पाच जणांची भिंत सरासरी सव्वादोन सेकंद टिकते. म्हणजे प्रुइट मोकळा होतो तेव्हा त्याला चेंडू फेकणारा माणूस पाठीवर पडून आकाश बघत असतो.

हे मी पहिल्या वर्षी एका बैठकीत सांगितलं होतं. हेड कोच रस ओबरमायर म्हणाला, "मग प्रुइटला अजून जोरात पळायला सांगू." मला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता.

गावाचं तर विचारूच नका. सकाळी गाडीत रेडिओ लावला की कुणीतरी फोन करून सांगत असतो, की गेल्या दोन वर्षांत प्रुइटने टचडाउन केला त्या नऊ सामन्यांपैकी सात आपण जिंकलो. अरे बाबा, टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेणं, त्याचे सहा गुण. कुणीही केला तरी जिंकण्याची शक्यता वाढणारच. गेल्या वर्षी आमच्या एका तीनशे पौंडी गड्याच्या हातात चुकून चेंडू पडला आणि त्याने दोन सामन्यांत दोन टचडाउन केले. दोन्ही सामने आपण जिंकलो. त्याचं नाव कुणाला विचारा.

आता मुद्द्याचं. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी प्रुइटच्या डाव्या मांडीमागचा स्नायू फाटला. आमचे तेव्हा चौदा सामने झाले होते, सहा जिंकलेले, आठ हरलेले. उरले होते तीन. डॉक्टर म्हणाले, याला सहा आठवडे लागतील. सरळ हिशोब होता: प्रुइटला जखमींच्या यादीत टाकायचं, त्याचा हंगाम संपला म्हणायचं, आणि त्रेपन्न जणांच्या मुख्य यादीत जी जागा मोकळी होईल तिथं दुसऱ्याला घ्यायचं.

त्या जागेवर मार्लन टीगचा डोळा होता. म्हणजे खरं तर त्याचं आयुष्यच तिच्यावर टेकलं होतं.

टीग एकोणतीस वर्षांचा, जॉर्जियातला, आमच्या सराव पथकातला रिसीव्हर. सराव पथक म्हणजे जे आठवडाभर मार खातात आणि रविवारी सामना घरी टीव्हीवर बघतात ते. त्याच्या उजव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झालेल्या, तिसरी होणार हे त्यालाही माहीत होतं आणि डॉक्टरांनाही. आमच्या लीगचा नियम असा, की मुख्य यादीत तीन सामने काढले की तो हंगाम धरला जातो. मैदानात उतरला नाहीत, नुसतं यादीत नाव असलं तरी चालतं. असे तीन हंगाम भरले की खेळ सोडल्यावर पाच वर्षं वैद्यकीय विमा मिळतो. टीगचे दोन हंगाम भरले होते, जुन्या संघात. सराव पथकातली वर्षं धरत नाहीत. त्याला तिसऱ्या हंगामाचे तीन सामने हवे होते आणि वर्षातले नेमके तीनच उरले होते.

मंगळवारी सकाळी अकराला तो माझ्या टेबलाशी आला. हातात कागदी थाळी, थाळीत कॅन्टीनच्या पिएरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. मंगळवारी पिएरोगीच असतात.

"फिजिक्स," तो म्हणाला. तो मला याच नावाने हाक मारायचा. माझं नाव ल्युसिल ग्रॅबोव्स्की आहे आणि ते त्याला फार लांब वाटायचं. "एक विचारू? लुईव्हिलवाल्यांचा फोन आला होता."

"काय म्हणतायत?"

"त्यांचे दोन रिसीव्हर पडलेत. मला मुख्य यादीत घेतो म्हणतायत. चारच्या आत हो की नाही सांगायचं."

दुसऱ्या संघाच्या सराव पथकातून माणूस उचलला तर त्याला किमान तीन आठवडे यादीत ठेवावंच लागतं. म्हणजे लुईव्हिलला हो म्हटलं की तीन सामने पक्के, विमा पक्का.

"मग इथं काय करतोयस? बॅग भर."

"कोचला सांगायला गेलो होतो," तो म्हणाला. "कोच म्हणतो, थांब. प्रुइट जखमींच्या यादीत जाणार, जागा तुझीच. मुलीची शाळा इथं आहे, बायकोची नोकरी इथं आहे. गुडघ्याचा डॉक्टर इथलाच. इथंच वर घेणार असतील तर कशाला जाऊ? आणि म्हणतात, एकची बैठक आहे, त्यात तू काहीतरी मांडणार आहेस प्रुइटबद्दल."

"हो."

"चांगलं की वाईट?"

"तुझ्या दृष्टीने चांगलं," मी म्हटलं. त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं.

मी काय मांडणार होते ते सांगते. दर बुधवारी आमचा मुख्य बचाव, म्हणजे समोरच्यांना अडवणारे अकरा जण, रविवारी समोर येणाऱ्या संघाची तयारी करतात. त्यासाठी सराव पथकातली मुलं समोरच्या संघाची सोंगं घेतात. टीग समोरच्या संघाचा सगळ्यात चांगला रिसीव्हर व्हायचा. अंगावर लाल जाळीची बंडी घालायची, तिच्यावर त्या खेळाडूचा नंबर. कोच पुठ्ठ्यावर काढलेली धाव वर धरतो, टीग तशी पळतो. दोन वर्षं, एकतीस बुधवार. कधी बंडी लीगमधल्या पहिल्या पाचांतल्या कुणाची, कधी अशा कुणाची की ज्याला त्याच्या गल्लीतही ओळखत नाहीत.

यात काय दडलंय हे माझ्या आधी कुणाला दिसलं नव्हतं. माणूस तोच, पाय तेच, गुडघा तोच, बदलते ती फक्त बंडी. असा प्रयोग कुणी मुद्दाम करायला घेतला असता तर जमला नसता. आकडे काढले. टीगचा वेग एकतीस बुधवार सारखाच, फरक दशांशात. पण अंगावर बड्या खेळाडूची बंडी असली की शंभरपैकी एकसष्ट वेळा त्याच्यामागे दोन जण लागायचे. साध्या बंडीला चोवीस वेळा. आणि दोघं त्याच्यामागे गेले की बाकीच्या रिसीव्हरांना जास्तीची मोकळीक किती मिळायची? अर्ध्या यार्डाहून थोडी जास्त. सबंध हंगामात त्याचा हिशोब केला तर एक सामना इकडचा तिकडे होईल, तोही नशीब बरं असेल तर.

माझा मुद्दा उघड होता. थोर रिसीव्हरचं निम्मं थोरपण बंडीत असतं, उरलेलं त्याच्या पायांत. प्रुइटचा पाय तर गेला. मग त्याच्यासाठी जागा कशाला अडवायची?

एक वाजता खोलीत आम्ही तिघंच होतो. ओबरमायर, जनरल मॅनेजर ड्वाइट लुंडक्विस्ट आणि मी. लुंडक्विस्ट हळू बोलतो आणि सूर्यफुलाच्या बिया खाऊन टरफलं कागदी पेल्यात थुंकतो. खेळाडू कोण ठेवायचे, कोण काढायचे, हे तोच ठरवतो.

मी तक्ता दाखवला. ओबरमायरने तो बराच वेळ बघितला.

"हा बुधवारचा सराव आहे," तो म्हणाला. "यात टीग पळतोय. टीगला मोजून काय करायचंय, प्रोफेसर?"

"टीग तोच राहतो म्हणूनच मोजलाय, कोच. बंडी बदलली की आपलेच लोक वेगळे वागतात."

"आपले लोक मी सांगतो तसे वागतात."

"तेच म्हणतेय मी."

लुंडक्विस्टने टरफल थुंकलं. "थांब, रस, मला कळू दे. म्हणजे दोन जण बंडीकडे बघून जातात. आत माणूस कोण आहे त्याचा संबंध नाही."

"बरोबर," मी म्हटलं. त्या खोलीत माझा तक्ता कुणाला तरी पहिल्यांदाच कळला होता. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

"मग प्रुइटला पळता नाही आलं तरी चालेल," लुंडक्विस्ट म्हणाला.

मी काही बोलायच्या आत ओबरमायर खुर्चीत सरळ झाला. "बघ ना. नुसता उभा केला तरी दोघं अडकले. ही पोरगी कामाची निघाली की रे."

"कोच, तसं होत नाही. पहिल्या दहा मिनिटांत पलीकडच्या कोचला दिसेल, हा लंगडतोय. ते दोघांना काढून घेतील."

"पलीकडचा कोच म्हणजे कोण?" ओबरमायर म्हणाला. "माझ्यासारखाच ना? मी असतो तर लंगड्या प्रुइटवरही दोघं लावले असते. समजा एकटा लावला आणि नेमका त्याच वेळी याने टचडाउन केला. मालक काय विचारणार? प्रुइटवर एकच माणूस कसा, हेच ना. मी काय सांगू, लंगडत होता हो, साहेब?"

हे त्याने अभिमानाने सांगितलं. खरं म्हणजे माझ्या अख्ख्या अहवालात नव्हतं इतकं सत्य त्या एवढ्याशा बोलण्यात होतं.

"तरीही तो अर्धा यार्डच आहे," मी म्हटलं.

"अर्धा तर अर्धा. फुकट मिळतोय." लुंडक्विस्टने पेला बाजूला ठेवला. "प्रुइट यादीत राहतो. ठरलं."

"आणि टीग? त्याला चारच्या आत लुईव्हिलला सांगायचंय. तुम्ही त्याला थांब म्हणालात."

"थांबू दे की."

"कशासाठी? जागाच नाही म्हणताय ना तुम्ही."

"अगं, रविवारी ओमाहा आहे," ओबरमायर म्हणाला. "त्यांचा तो लांबटांग्या रिसीव्हर. उद्या त्याची बंडी कोण घालणार? टीगसारखं सोंग दुसऱ्या कुणाला जमतं का? पुढच्या आठवड्यात बघू त्याचं."

"पुढच्या आठवड्यात दोनच सामने उरतील. त्याला तीन लागतात."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. त्यावरून मला कळलं की दोघांनाही हे आधीच माहीत होतं.

"या खोलीतलं या खोलीत राहतं, प्रोफेसर," लुंडक्विस्ट हळूच म्हणाला. "चार वाजेपर्यंत तरी."

टीग उपचाराच्या खोलीत सापडला, गुडघ्याला बर्फ बांधून. घड्याळात पावणेतीन. मी सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट.

त्याने गुडघ्यावरचा बर्फ नीट बसवला. मग म्हणाला, "म्हणजे माझंच पळणं दाखवून तू त्यांना पटवलंस, की माझी गरज नाही."

"मी उलट पटवायला गेले होते."

"ते झालंच. पण आकडे कुणाचे? माझेच ना?"

"तुझेच."

"आणि म्हणे मी एकतीस बुधवार तोच होतो." तो हसायला लागला. "कुणी सांगितलं तुला?"

"तुझा वेग दशांशापर्यंत सारखा आहे, मार्लन."

"वेग असेल. अगं, बड्या माणसाची बंडी अंगावर आली की मी आदल्या रात्री बसून त्याच्या चित्रफिती बघायचो. मान कशी टाकतो, खांदा कुठं झुकवतो, खोटं कसं वळतो. फुटकळ माणसाची बंडी असली की पुठ्ठ्यावर काढलंय तेवढं पळायचो आणि घरी. तुझी चिप खांद्यावर बसते, पण मान कुठं बघतेय हे तिला कळतं का?"

"नाही."

"मग? पोरं काय नुसती बंडी बघून माझ्यामागे येत होती? थोडी बंडी, थोडा मीही होतो की."

दोन वर्षांचा प्रयोग, आणि ज्या माणसावर केला त्याला एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. ओबरमायरला मी मनात ज्या शब्दाने हाक मारत होते तो शब्द तेवढा वेळ मी स्वतःसाठी वापरला.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"बायकोला विचारतो."

बायकोशी तो चार मिनिटं बोलला. त्यातली तीन मिनिटं ती बोलत होती. फोन ठेवून म्हणाला, "म्हणते, अजून तिथंच बसलायस का." मग त्याने लुईव्हिलला फोन लावला. साडेतीनला त्याने खण रिकामा केला. मुलीला शाळेतून घ्यायला तोच गेला, तिला घरी सोडलं आणि तिथूनच दक्षिणेकडे, लुईव्हिलला निघाला.

सव्वाचारला ओबरमायर माझ्या टेबलापाशी आला. "तू सांगितलंस त्याला?"

"हो."

"मग उद्या ओमाहाची बंडी तू घालतेस का?"

ती शेवटी एका सहायक कोचने घातली. वय एकेचाळीस, पोट पुढं. तो पुठ्ठ्यावरच्या धावा बागेत फिरायला आल्यासारखा पळाला आणि आमचा बचाव त्याच्याभोवती दोन दोन जणांनी फिरला. चिपवर ते फार छान दिसलं.

रविवारी ओमाहाचा सामना आमच्याच मैदानावर होता. प्रुइट एकेचाळीस वेळा मैदानात उतरला. एकदाही पुरा वेग घेतला नाही, घेताच येत नव्हता. आणि एकेचाळीसपैकी सत्तावीस वेळा ओमाहाचे दोन जण त्याच्यासोबत होते. तेही आठवडाभर तेच शिकून आले होते ना. त्यांच्याकडेही कुणीतरी प्रुइटची बंडी घालून ऊर फुटेस्तोवर पळाला असणार. तिसऱ्या भागात एकदा प्रुइट कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला आणि ते दोघं त्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. बसची वाट बघणाऱ्या तीन माणसांत आणि त्यांच्यात फरक एवढाच, की बस कधीतरी येते.

प्रुइटने एक चेंडू झेलला, चार यार्डांचा. ओमाहाच्या लांबटांग्याने नऊ झेलले, एकशे चाळीस यार्डांचे. तेरा विरुद्ध दहा असे आम्ही जिंकलो, कारण ओमाहाच्या किक मारणाऱ्याने तीन-तीन गुणांच्या दोन सोप्या किक खांबाबाहेर मारल्या. एका सामन्यावरून मी काही सिद्ध करणार नाही. पण ज्यांचं पोट एका सामन्यावरच भरतं त्यांनी तरी हा बघायला हवा होता. त्यांनी सोमवारी रेडिओवर फोन केले, की फाटक्या मांडीने प्रुइट उभा राहिला आणि संघात जीव आला.

पुढच्या रविवारी आम्ही सव्वीस गुणांनी हरलो. प्रुइट तेव्हाही उतरला होता. त्या दिवशी मांडीबद्दल कुणी फोन केला नाही, भिंतीतल्या पाच जणांना शिव्या द्यायला मात्र बरेच केले.

दरम्यान मी अहवालाला एक पान जोडलं. त्यात लिहिलं, की सोंग घेणारा खेळाडू बंडीप्रमाणे आपली मेहनत बदलत होता, त्यामुळे बंडीचा परिणाम मी वाढवून सांगितला आहे. नेमका किती, ते या आकड्यांवरून कळणार नाही. ते पान मी लुंडक्विस्टला पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "गरज नाही. पहिला भाग मालकांना फार आवडला. प्रुइटच्या नव्या कराराच्या वेळी तोच दाखवणार आहोत." माझी नोकरीही एक वर्षाने वाढली. कारण म्हणून 'महत्त्वाचं संशोधन' असं लिहिलं होतं.

शेवटचा सामना जानेवारीच्या पहिल्या रविवारी, दुपारी एकला, आमच्याच मैदानावर. सामन्याआधी दीड तास प्रत्येक संघ मुख्य यादीतल्या, पण आज न खेळणाऱ्यांची नावं जाहीर करतो. साडेअकराला मी काचेमागच्या आमच्या खोलीत बसले होते. खाली प्रुइट प्रेक्षकांकडे बघून हात हलवत होता आणि पंचेचाळीस हजार लोक त्या हाताला टाळ्या देत होते. मागे लुंडक्विस्ट बिया खात होता.

मी लुईव्हिलची यादी उघडली. न खेळणारे सात जण. पाचवं नाव, टीग, मार्लन. आधीचे दोन रविवारही ते तिथंच होतं. तीन आठवड्यांत तो एकदाही मैदानात उतरला नव्हता, एक चेंडू झेलला नव्हता, आणि त्याचा तिसरा हंगाम भरला होता, विमा पक्का झाला होता.

"काय बघतेस एवढं?" लुंडक्विस्टने विचारलं.

"लुईव्हिलचं."

"त्यांचाही सामना एकला आहे, पण आपल्याशी नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि ते पान छापायला टाकलं. एकच्या सुमारास झेरॉक्सच्या खोलीतून तो कागद घेऊन आले तेव्हा आमच्या क्वार्टरबॅकने पहिला चेंडू हातात घेतला होता आणि सव्वादोन सेकंदांनी तो पाठीवर होता.